लेम्पी हार्यू आणि उघडी राहिलेली बकेट

फेब्रुवारीत लून हार्बरमध्ये बातमी पसरली की लेम्पी हार्यूने बायकांच्या आसराघरातली पत्रं एका माणसाला विकली. पेट्रोल पंपावर ती नुसती विकली गेली होती. चर्चच्या तळघरातल्या सूपच्या जेवणापर्यंत पोचेस्तोवर त्या पैशातून तिच्या नवऱ्याची नवी स्नोमोबाईल आली होती, आणि कर्लिंग क्लबात येईतो विकत घेणारा माणूस अमेरिकन झाला होता. आमच्याकडे वाईट माणूस नेहमी सरोवराच्या पलीकडचाच असतो.

यात खरं एवढंच की तिच्या नवऱ्याकडे, राइमोकडे, स्नोमोबाईल आली होती. तीही त्याच्या भावाची जुनी. भाऊ म्हातारपणी फिनलंडला परत गेला आणि जाताना ती याच्या अंगणात सोडून गेला.

पत्रं कुणी विकली नव्हती. एक दार उघडं राहिलं होतं. ते लेम्पीच्या हातून राहिलं, आणि गावाला कळलं तेही लेम्पीच्याच तोंडून. तिने ते तोंड मिटून घेतलं असतं तर आजतागायत कुणाला वाससुद्धा लागला नसता. अफवा सांगणारे हे एवढंच नेमकं गाळतात.

लेम्पी साठीला टेकलेली, ठेंगणी बाई. पांढरे केस कानाच्या वर कापलेले, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत बसून ती गावातल्या तीसेक वेबसाइट सांभाळते: बेकरीची, गुरांच्या डॉक्टरची, गॉर्ड मकिनीच्या प्लंबिंगची, कर्लिंग क्लबची. बोलण्याच्या बाबतीत कंजूष. तिचा होकार म्हणजे एक "यो", आणि तोही श्वास बाहेर सोडताना नाही, आत ओढताना. नवख्या माणसाला वाटतं बाईला ठसका लागला. गावातली आम्ही पोरं ती नक्कल करतो, पण माझ्याखेरीज बहुतेकांना श्वास आत ओढायचा हेच कळलेलं नाही.

एका गोष्टीवर मात्र ती न विचारता बोलायची. वेबसाइट कोसळली, कुणी घुसलं, कुणी वेड्यासारखं बटण दाबलं, तर सगळं परत उभं करायला तिची एक प्रत बाजूला हवी. ही प्रत म्हणजे बॅकअप. तो ती रोज काढायची, आपल्याच मशीनवर त्याला कुलूप घालायची, आणि मग क्लाउडमध्ये ठेवायची. क्लाउड म्हणजे आकाशात काही नसतं, ती गिऱ्हाइकाला सांगायची, कुणा परक्याच्या गावातला परक्याचा कॉम्प्युटर असतो. त्याला सामान द्या, किल्ली देऊ नका. गिऱ्हाईक मान हलवायचं आणि घरी जाऊन कुत्र्याचं नाव पासवर्डला लावायचं.

आता आमच्या क्लबातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर चाललं. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवून मध्यावर बसवायचा आणि त्याच्या वाटेतला बर्फ झाडूने घासत जायचं. दगड सरकत असताना त्याला खेळाडूचा झाडू किंवा बूट लागला, तर आमच्याकडे म्हणतात दगड जळला. पंच नसतो. ज्याचा लागला त्यानेच हात वर करून सांगायचं. काही वर्षांपूर्वी थंडर बेच्या संघाशी शेवटचा सामना होता आणि लेम्पीच्या झाडूचा केस दगडाला लागला. कुणी पाहिलं नव्हतं. दगड जाऊन बरोबर मध्यावर बसला, लोक उड्या मारत होते, आणि लेम्पी हात वर करून उभी. चषक थंडर बेला गेला. गॉर्ड तेव्हा तिच्याच संघात होता. त्या केसाची गोष्ट तो अजून सांगतो. गॉर्डचा आवाज म्हणजे थंडीत सुरू न होणारा ट्रक. सांगता सांगता दोनदा बंद पडतो, पण केसापाशी आला की हमखास पेट घेतो.

आसराघराची वेबसाइट लेम्पीकडे नाताळच्या जरा आधी आली. नवऱ्याच्या मारापासून पळालेल्या बायका तिथे येतात. साइटवर एक फॉर्म होता: नाव, फोन, कुठे आहात, कधी फोन केलेला चालेल, आणि खाली मोठी मोकळी चौकट. त्या चौकटीत बायका काय लिहीत असतील हे लेम्पीला न वाचताच ठाऊक होतं. साइट आधी सांभाळणारी कंपनी दक्षिणेकडची, स्वस्तातली. तिने सगळी साइट, फॉर्ममधल्या मजकुरासकट, एका गठ्ठ्यात बांधून पाठवली. कुलूप नव्हतं. लेम्पीने ती फाईल तात्पुरती आपल्या क्लाउडमधल्या जागेत टाकली. या धंद्यात अशा जागेला बकेट म्हणतात. नाताळ झाला की कुलूप घालू, असं ठरवून ती पुला, म्हणजे फिनिश लोकांचा वेलचीचा गोड पाव, भाजायला घरी गेली.

नाताळ झाला. जानेवारीत क्लबाच्या वर्धापनदिनाचं पान करायला विनिपेगचा डेव्हन नावाचा एक डिझायनर लागला. त्याला जुने फोटो हवे होते. लेम्पीने फोटोंच्या फोल्डरची लिंक दिली. ती त्याच्याकडे उघडेना. त्याने फोन केला. तिने पुन्हा दिली, पुन्हा फोन. तिचा सामना लागलेला, बूट पायात, झाडू हातात, आणि डेव्हन कानात कुरकुरतोय. शेवटी तिने सबंध बकेटच सगळ्यांसाठी उघडी केली. तासाभराने बंद करू, म्हणाली. सामना बरोबरीत सुटला, जादा डाव झाला, लेम्पीचा संघ जिंकला. आता दुसरी रीत: जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पाजायचं. पाजून झालं, गप्पा झाल्या, ती घरी जाऊन सौनात, वाफेच्या खोलीत, बसली. बकेट तशीच उघडी.

ती तशी दोन आठवड्यांच्या आसपास राहिली.

सकाळी कामाला बसल्यावर लेम्पी महिन्यातून एकदा त्या बकेटमधून किती सामान बाहेर गेलं याचा आलेख बघायची. तो नेहमी फेब्रुवारीतल्या सरोवरासारखा, सपाट. त्या सकाळी त्यात एक टेकाड होतं. आधी तिला वाटलं, डेव्हनचे फोटो. मग तिने फोटोंचं वजन पाहिलं आणि टेकाडाचं पाहिलं. टेकाड फोटोंपेक्षा बरंच थोराड होतं.

तिने परवानगीचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं: सर्वांसाठी खुलं.

तिने आधी बकेट बंद केली. मग काय काय उघड्यावर होतं ते तपासलं. बेकरी, कुलूपबंद. गुरांचा डॉक्टर, कुलूपबंद. क्लब, गॉर्ड, सगळे कुलूपबंद. नेलं असेल तर नेणाऱ्याने नुसती माती नेली. एकच फाईल उघडी होती, आणि ती कुणाची हे बघायच्या आधीच तिला माहीत होतं.

कुणी आलं, काय नेलं, याची नोंद ठेवायची सोय क्लाउडवाल्यांकडे असते, पण ती आपण चालू करावी लागते. लेम्पीने केली नव्हती. डेव्हनला फोन केला, तर तो म्हणाला आपण फोटोच उतरवले, आणि तेही कमी प्रतीचे निघाले. म्हणजे ते टेकाड एखाद्या भटक्या प्रोग्रॅमचं असेल, जगभर उघडी दारं हुंगत हिंडणाऱ्या. किंवा नसेल. एखादी बाई कुठे लपली आहे हे शोधणाऱ्या माणसाचं असेल. ते टेकाड कशाचं होतं हे आजही कुणाला ठाऊक नाही.

राइमो दुपारी जेवायला आला तेव्हा सूप चुलीवर करपत होतं आणि लेम्पी खिडकीपाशी उभी होती. त्याने ऐकून घेतलं. राइमो सुतार आहे, बोलायच्या आधी प्रत्येक शब्द तासून घेतो.

"दार बंद केलंस ना?"

"यो."

"कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मग झालं तर." त्याने पातेलं उतरवलं. "त्या बायकांना आधीच काय कमी घोर आहे? त्यात आणखी भर घालशील आणि स्वतःचा धंदा बुडवशील. आणि हातात काय, तर एक टेकाड. लेम्पी, हा कर्लिंगचा बर्फ नाही."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच अडचण होती. काहीच झालं नसण्याची शक्यता मोठी होती. पण काही झालं असेल तर ते आत्ता, या क्षणी, कुणाच्या तरी दाराच्या दिशेने चालत येत असेल, आणि दाराआडच्या बाईला ते माहीत नसेल. सूप पातेल्यात तसंच टाकून तिने बूट चढवले.

"कुठे निघालीस?" राइमोने विचारलं, उत्तर माहीत असताना विचारतात तसं.

"दगड जळलाय," ती म्हणाली.

आसराघर चालवते मॉरीन तिबो. मॉरीनचा आवाज घोगरा, र घशातून काढणारा, दर चार शब्दांनी एक खोकला. सिगारेट सोडून दहा वर्षं झाली, खोकल्याने काही सोडलं नाही. पोलीस, न्यायाधीश, दारुडे नवरे, सगळ्यांशी ती एकाच आवाजात बोलते. लेम्पीने खुर्चीत न बसता सांगून टाकलं. मॉरीनने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, खोकलीसुद्धा नाही.

"कोण घेऊन गेलं?" तिने शेवटी विचारलं.

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे बहुतेक नाही नेलं, असं? की माहीत नाही?"

"माहीत नाही म्हणजे माहीत नाही, मॉरीन. मी तुला बहुतेक म्हणणार नाही."

मॉरीनने फाईल मागितली. लेम्पीने तिच्या लॅपटॉपवर उतरवून दिली आणि उघडताना स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भिंतीवर कुठल्याशा पोराने काढलेलं मूस, आमच्याकडचं मोठ्या शिंगांचं थोराड हरीण, होतं, पाच पायांचं. पाठीमागे मॉरीन वाचत होती. पान सरकवल्याचा आवाज, खोकला, पान सरकवल्याचा आवाज. मग खुर्ची मागे सरकली.

"एक आहे," मॉरीन म्हणाली. "बाकीच्या बायकांना मी फोन करीन, त्यांचं निभेल. पण हिने सगळं लिहिलंय. नवी जागा कुठे, मुलं कुठल्या शाळेत. आम्ही फोन करावा म्हणून, बिचारीने नीट पत्त्यासकट."

लेम्पी मुसाच्या पायांकडे बघत राहिली. कोण, कुठली, हे तिने विचारलं नाही.

"आज दुपारी शाळेतून दोन मुलं उचलायची आता," मॉरीन म्हणाली. "मधल्या सुट्टीत. धाकट्याला तिथे काल पहिला मित्र मिळाला. आईने मला आनंदाने फोन करून सांगितलं होतं. तुला कळावं म्हणून सांगतेय, लेम्पी. राग येऊन नाही. राग मला नंतर येणार आहे."

तो नंतर आला, आणि चांगला खणखणीत आला. पण त्या दुपारी एका गाडीतून एक बाई आणि दोन मुलं दुसऱ्या गावी गेली, आणि कुठे ते आम्हा कुणाला ठाऊक नाही, हे फार बरं आहे.

लेम्पी तिथेच थांबली असती तर गावाला काही कळलं नसतं. पण प्रांताच्या गोपनीयता कार्यालयाला कळवून झाल्यावर ती आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र लिहायला बसली. तुमची फाईल उघड्यावर होती, कुलूप होतं म्हणून तुमचं नुकसान नाही, एका संस्थेच्या फाईलला नव्हतं, चूक माझी. संस्थेचं नाव नव्हतं, पण लून हार्बरमध्ये अशी संस्था एकच. राइमोने ते पत्र वाचलं आणि निमूटपणे अंगणात जाऊन लाकडं फोडू लागला. दोन हिवाळ्यांना पुरतील एवढी फोडली.

गावाने काय केलं ते वर आलंच आहे. बेकरीतल्या बाईने गिऱ्हाइकं मोजल्यासारखे ओठ हलवत "अरेरे" म्हटलं आणि दुसऱ्या आठवड्यात साइट काढून घेतली. गुरांचा डॉक्टरही गेला. क्लबात लेम्पी शिरली की सगळ्यांना एकदम बुटाच्या नाड्या बांधायच्या असायच्या. गॉर्डने मात्र तोंडावर म्हटलं. मोठ्याने घसा साफ करून, पहिल्या झटक्यात सुरू न होता, तो म्हणाला की बाकी कुणी काही म्हणो, आपण या बाईला वीस वर्षं ओळखतो, हिच्या हातात गुपित देणं म्हणजे गळक्या नळाला बादली लावून सुट्टीवर जाणं. चषक घालवलास, आता पत्रं घालवलीस, पुढच्या वर्षी काय, माझी बायको घालवणार? लोक हसले. लेम्पीने "यो" म्हटलं, आत, आणि झाडू घेऊन बर्फावर गेली. गॉर्डनेही साइट काढून पुतण्याकडे दिली.

मग आला तो फोन.

सकाळची वेळ. राइमो स्वयंपाकघरात कॉफी गाळत होता, लेम्पी टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलेली. खोलीवर जायचं तिने आठवडाभर टाळलं होतं. खालच्या दुकानातल्या नजरा जिन्यापर्यंत यायच्या. फोनवरचा माणूस मऊ बोलणारा होता. आपण गोपनीयता कार्यालयातून बोलतोय, म्हणाला, नाव ॲलन पेरी, तुमचं प्रकरण आता माझ्याकडे आहे मॅडम. प्रकरणाचा एक क्रमांकही त्याने सांगितला. आणि मग म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, आमच्याकडे येणारे बहुतेक लोक लपवतात. तुम्ही आपणहून सांगितलंत. याला हिंमत लागते."

त्या दिवसांत लेम्पीशी चांगलं बोललेला तो पहिला माणूस. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. राइमोने ते पाहिलं आणि तो गाळणी हातात धरून थांबला.

माणूस म्हणाला, आता मिटवायचंच आहे हे, मॅडम, तुम्हाला आणखी त्रास नको. फक्त एक खात्री करून घ्यायची. त्याने एका गावाचं नाव घेतलं. ते इथे लिहायचं कारण नाही. त्या गावातल्या बाईचा संदेश फाईलमध्ये आहे का, एवढंच सांगा. पत्ता नको, नाव नको. हो किंवा नाही. म्हणजे त्या बाईला सावध करता येईल.

लेम्पीने लॅपटॉप पुढे ओढला. फाईल आता कुलूपबंद होती, किल्ली तिच्याजवळ. तिने पासवर्डच्या चौकटीत निम्मी अक्षरं टाकलीसुद्धा. एका बाईला सावध करायचं होतं, आणि सावध करायला उशीर झाला तर काय होतं हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? तिकडे माणूस शांतपणे श्वास घेत होता.

अक्षरं टाकता टाकता तिला पाच पायांचं मूस आठवलं. हो की नाही सांगायचं तर फाईल वाचावी लागणार. भिंतीकडे तोंड करून उभं राहिलेल्या बाईने आता ती वाचायची?

"मी ती वाचत नाही," ती म्हणाली. "मॉरीन वाचते. मॉरीनला तुम्हाला फोन करायला सांगते."

"मॉरीनबाईंना कशाला मध्ये घालायचं? तसा नियमच आहे, संस्थेला मध्ये घेता येत नाही. तुम्ही लगेच बघा ना. दोन मिनिटांचं काम."

लेम्पी आयुष्यभर कमी बोलली, त्यामुळे तिला ऐकायची सवय दांडगी. तिच्या कानाला एक गोष्ट खटकली. मॅडम गळला होता. पहिल्यापासून प्रत्येक वाक्याला शेपटासारखा लावलेला मॅडम, आता दोन वाक्यं झाली, कुठेच नव्हता.

"तुम्ही फोन ठेवा," ती म्हणाली. "मी करते."

"माझा सरळ नंबर देतो, लिहून घ्या."

तिने लिहून घेतला, आभार मानले, फोन ठेवला. मग तो कागद उलटा घातला, कार्यालयाकडून टपालाने आलेली पोच फ्रीजवरून काढली, आणि तिच्यावरचा नंबर फिरवला. तिकडे एक बाई होती, सर्दी झालेली. ॲलन पेरी नावाचं आमच्याकडे कुणी नाही, ती म्हणाली, आणि हा क्रमांकही आमच्या पद्धतीचा नाही. आणि मग तिची सर्दी एकदम पळाल्यासारखी झाली: तुम्ही त्याला काय सांगितलंत?

"काही नाही," लेम्पी म्हणाली. निम्मी अक्षरं अजून चौकटीत होती. ती तिने एक एक करून पुसली.

राइमोने कॉफी तिच्यापुढे ठेवली. "बोभाटा केलास म्हणून त्याला कळलं," तो म्हणाला. टोमणा नव्हता तो, भीती होती. "पत्र लिहिलं नसतंस तर त्याला कुठे माहीत होतं की अशी काही फाईल आहे."

हेही खोटं नव्हतं. लेम्पीने मॉरीनला फोन लावला आणि घडलं ते शब्दाला शब्द सांगितलं. त्या माणसाने घेतलेलं गावाचं नाव सांगितलं तेव्हा पलीकडे उठून दार लावल्याचा आवाज आला.

"मॉरीन?"

"ती आता तिथे नाही," मॉरीन म्हणाली.

लेम्पीला काय कळायचं ते कळलं. गाव त्याला कुठून तरी आधीच लागलं होतं. घर लागलं नव्हतं. दोन-तीन आठवड्यांपूर्वी त्या गावात ती बाई होती, दोन मुलं होती, धाकट्याचा मित्र होता. राइमोचं ऐकून लेम्पी गप्प बसली असती तर ती बाई आज तिथेच असती, आणि तो गल्ली गल्ली शोधत हिंडला असता. गाव काही मोठं नाही.

दुसरी गोष्ट मॉरीननेच सांगितली. आधी खोकली, भरपूर, महिन्याचा साठलेला खोकला. मग म्हणाली, "विचारायला आला, लेम्पी. लक्षात येतंय का तुला? फाईल हातात असती तर विचारायला कशाला आला असता?"

लेम्पी टेबलावर डोकं टेकून बसली. राइमो म्हणतो, ती हसत होती. ती म्हणते, तसलं काही नाही. तो नंबर पोलिसांकडे गेला. पोलिसांनी पुढे काय केलं ते मॉरीनने सांगितलं नाही आणि लेम्पीने विचारलं नाही.

गेलेली गिऱ्हाइकं गेलीच. बेकरीची पुला लेम्पी आता विकत घेत नाही, पण ती तशीही घरीच भाजायची. गॉर्डने साइट परत आणली नाही, क्लबातला लॉकर मात्र तिच्या शेजारचाच ठेवला. आसराघराचं काय होणार म्हणून सगळे टपून होते. मॉरीनने तिला बोलावून घेतलं, दार लावून अर्धा तास खडसावलं, बाहेर रस्त्यावर ऐकू येत होतं, आणि शेवटी साइट तिच्याकडेच ठेवली. जिने स्वतः येऊन सांगितलं तिला काढून जिने अजून सांगितलेलं नाही तिला कशाला आणू, असं तिचं म्हणणं. पण अटी घातल्या. फॉर्ममधला मजकूर वाचून झाला की पुसायचा, बॅकअपमध्ये जाऊच द्यायचा नाही. आणि जे जाईल त्याला दोन किल्ल्या, एक लेम्पीकडे, एक मॉरीनकडे. एकटीला कुणालाच उघडता येऊ नये. येण्याजाण्याची नोंदही आता चालू असते. लेम्पी ती रोज सकाळी बघते. आलेख सपाट दिसला तरी परवानगीचं पान उघडून बघते, मगच कॉफी पिते.

आणखी एक खोड तिला लागली. कुणाचाही फोन येवो, कामाचं काही विचारलं की ती म्हणते, ठेव, मी लावते. मग स्वतःकडचा नंबर बघून लावते. राइमोने दुकानातून फोन करून विचारलं की दूध कुठलं आणू, तरी, ठेव, मी लावते. राइमो म्हणतो, आता दूध तो अंदाजानेच आणतो.

मार्चमध्ये क्लबाच्या कॅन्टीनमध्ये मी गॉर्डची नक्कल केली, मग राइमोची, मग मॉरीनची, खोकल्यासकट. मॉरीन तिथेच बसली होती. तिने स्वतःचा घसा चाचपून पाहिला. लेम्पी म्हणाली, छान आहे, पण मी फसणार नाही. मी म्हटलं, पैज. महिन्याभरात एकदा मॉरीन बनून फोन करीन आणि शेवटचा बॅकअप किती वाजता काढला एवढं तरी तुमच्याकडून काढून दाखवीन, मिसेस एच. हरलो तर उरलेला हंगाम सामन्यांनंतर सगळा बर्फ मी झाडायचा.

मी घाई केली नाही. ती जिंकून आली, कॅन्टीनमध्ये कल्ला चालू होता, असा दिवस निवडला, आणि लॉकरच्या खोलीतून, दाराला पाठ लावून, फोन लावला. खोकलो. र घशातून काढले. तिने आवाज ओळखला, माझ्या छातीची चौकशी केली, मधाचं काहीतरी घ्यायला सांगितलं. मी हळूच विचारलं, शेवटचा बॅकअप कधीचा गं, पोलिसांना हवाय. पलीकडे श्वास आत गेला. यो. मी जिंकलोच होतो.

"सांगते," लेम्पी म्हणाली. "ठेव, मी लावते."

भिंतीपलीकडे मॉरीनचा फोन वाजला, आणि खरा खोकला ऐकू आला.

मी बाहेर आलो तेव्हा टेबलावर माझ्यासाठी हॉट चॉकलेट आणून ठेवलेलं होतं. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पाजायचं, ती रीत. कपाशेजारी, टेबलाला टेकून, झाडू उभा होता.